आधी कोठी, मग ओवाळणं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की केव्हाची, ते मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता नाहीत, आणि ती का नाहीत तेच तर सांगायला बसलो आहे. लहानांनी पुढे यावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण मधेच उठून जाऊ नये, कारण ही गोष्ट खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक नदी होती. एका काठाला चढावर एक गाव, समोरच्या सखल काठाला दुसरं. वरच्या गावाला वरगाव म्हणत आणि खालच्याला खालगाव. नदी एवढीशी, की उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून गुरं पलीकडे जात. इकडे कुणी मोठ्याने शिंकलं तर तिकडच्या म्हाताऱ्या विचारत, "कुणाला सर्दी झाली रे?"

दोन्ही गावांत सोयरिकी होत्या. वरगावच्या लेकी खालगावात नांदत, खालगावच्या वरगावात. त्यामुळे भांडणं झाली तरी ती बहुतेक जेवणावळीतच मिटत.

पण दोन्ही गावांकडे एक वाईट वस्तू होती. तिचं नाव आगगाडगं. मुठीत मावेल एवढं मातीचं गाडगं घ्यायचं, त्यात करंजाचं तेल आणि राळ भरायची, तोंडाला चिंधी कोंबायची. चिंधी पेटवून गाडगं गोफणीत घालून भिरकावलं की जिथे पडेल तिथे जाळ. पाण्यानेही तो लवकर विझत नसे. डोंगरातून दरोडेखोर उतरत, त्यांच्यासाठी ही युक्ती कुणीतरी काढली. दरोडेखोर पळाले, युक्ती मात्र गावात राहिली.

मग एकदा कुरणावरून भांडण झालं. एकाने गाडगं फेकलं, दुसऱ्याने दोन फेकली, आणि त्या दुपारी दोन्ही गावं जळाली. गोठ्यात बांधलेल्या गुरांचे कासरे सोडायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

राख निवल्यावर दोन्हीकडचे जाणते नदीच्या वाळूत बसले. एक तरणा म्हणाला, "सगळी गाडगी फोडून टाका. एकसुद्धा नको."

वरगावचा एक म्हातारा मान हलवून म्हणाला, "एकही नको म्हटलंस, तर कुणीतरी भीतीनं चार गाडगी चुलीमागं लपवील. दरोडेखोर अजून डोंगरात हायती ना? त्यापरीस असं करू. दोन्ही गावांत एकेक दगडी कोठी बांधू. कोठीत एकच फळी. फळीवर मावतील तेवढीच गाडगी. लपवायची गरजच ठिवायची न्हाई."

"आणि ते एकच फळी ठेवतात हे बघायचं कुणी?" खालगावच्या माणसांनी विचारलं. हाच प्रश्न वरगावच्याही ओठांवर होता. तुमचा माणूस आम्हाला नको, आमचा तुम्हाला नको, असं बराच वेळ चाललं.

तेव्हा बाजूला बसलेली एक म्हातारी बोलली. तिचं घर जळालं होतं आणि आवाज धुराने बसला होता. "लेकींना बघू द्या. जिचा भाऊ या काठाला आणि पोरगा त्या काठाला, ती कुणासाठी खोटं बोलंल?"

दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून रीत पडली. भाऊबीजेला लेकी माहेरी जात. भाऊ पाटावर बसायच्या आधी बहिणीला कोठीपाशी नेई आणि दार उघडून देई. आत तेल आणि राळ, म्हणून दिवा न्यायची बंदी. ती अंधारात शिरे, फळी चाचपे, एकेका गाडग्याला हात लावी, भिंती आणि जमीनही चाचपून पाही. बाहेर आली की तिच्या हाताला राळेचा वास लागलेला असे. त्याच हाताने ती भावाला ओवाळी. आधी कोठी, मग ओवाळणं, असं दोन्ही गावांतली पोरंसोरंही म्हणत. सासरी परतल्यावर ती चावडीपुढे उभी राहून सांगे, "फळी एकच हाय." म्हातारे तिच्या हाताचा वास घेत, हुं म्हणत आणि आपापल्या कामाला लागत.

आता तुम्ही म्हणाल, कधी चूक झालीच नाही का? झाली की. एका वर्षी खालगावच्या कोठीत जमिनीवर काही जास्तीची गाडगी हाताला लागली. जुनी तडकली म्हणून नवी भरली होती आणि जुनी फोडायची राहून गेली होती. माहेरी आलेल्या लेकीने दारातच बैठक मारली. गाडगी तिच्यासमोर वाळूत उपडी होईपर्यंत ती काही उठली नाही. तिच्या भावाला त्या दिवशी जेवायला दिवस मावळला, पण काम निभावलं. पिढ्या गेल्या. गाडग्यांवर धूळ बसली. शांतता अशी सवयीची झाली, की ती कशामुळे टिकली आहे हेच लोक विसरले.

अशाच लेकींपैकी एक म्हणजे गोजरा. माहेर वरगावचं, सासर खालगावचं. तिचा थोरला भाऊ येसू वरगावच्या कोठीचा राखणदार होता. किल्ली त्याच्या कमरेला असे. आणि तिचा एकुलता मुलगा भिवा खालगावात गोफणीचा पट्टीचा नेमबाज होता. उडत्या पाखराला लावीन म्हणायचा, आणि लावायचा. गोफण धरायला त्याला मामानेच शिकवलं होतं.

बिघडलं ते एका लग्नात. वरगावला लग्न होतं. पहिल्या पंगतीत खालगावच्या पाटलासाठी पाट मांडला होता, पण वाढपी वळले आणि त्या पाटावर दुसराच कुणी जाऊन बसला. खालगावचा पाटील उभा राहिला. उभाच राहिला. पंगत सुरू झाली तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग तो तसाच उपाशी नदी उतरून घरी आला.

एका पाटाची गोष्ट! कुणी दोन गोड शब्द बोलून, पायावर पाणी घालून मिटवायची. पण वरगावचा पाटील म्हणाला, "आम्ही काय मुद्दाम केलं? माफी कसली मागायची?" आणि खालगावच्या पाटलाने जाहीर केलं, "यंदा आपल्या सुना वरगावला म्हायेरी जाणार न्हाईत."

वरगावनेही लगेच उत्तर दिलं, "मग आमच्याही सुना तिकडं येणार न्हाईत."

मानपानात सुनांचं माहेर बंद करणं ही आपली जुनीच खोड. रुसायचं पुरुषांनी आणि रडायचं बायकांनी. त्या दिवशी दोन्ही पाटलांना वाटलं, आपण फक्त व्याह्यांना चिमटा काढला. त्या दोन फर्मानांनी दोन्ही कोठ्यांची दारं बंद झाली, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

भाऊबीज आली आणि तशीच गेली. चावडीपुढे उभं राहून कुणी काही सांगितलं नाही.

होळीच्या सुमारास वरगावहून राळ उकळल्याचा वास आला. खालगावची माणसं नाकं वर करून बसली. खरं म्हणजे पावसाळ्यात नदी ओलांडायची वरगावची जुनी नाव गळत होती. तिच्या फटी बुजवायला राळ कढवत होते, आणि त्यात गावची सगळी राळ संपली. एखादी लेक जाऊन आली असती तर हसून सांगती. पण सांगायला होतं कोण? खालगावच्या पाटलाने कोठीत दुसरी फळी ठोकायला लावली आणि ती भरून घेतली.

ठोकल्याचा आवाज नदीपलीकडे गेला. वरगावच्या पाटलाने कान टवकारले. त्याच्याकडे राळ नव्हती, पण लाकूड होतं. तो म्हणाला, "आपल्याकडंही फळ्या ठोका. रिकाम्या असू देत. आवाज मात्र तिकडं गेला पाहिजे."

गेला. खालगावने तिसरी फळी भरली. मग चौथी. मग फळ्या पुरेनात, तेव्हा गाडगी जमिनीवर रचली. भिवा दिवसभर तेल ओतत बसे.

एकदा गोजरा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "भिवा, ही एवढी कुणासाठी रं?"

त्याने वर पाहिलं नाही. "तुला ठावं हाय, आये."

"मामा ऱ्हातो तिथं."

"म्हणून काय झालं? त्यांनी टाकली तर तू न्हाई का जळणार?"

त्यालाही आईच वाचवायची होती. माणसं दुष्ट असती तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती.

पुन्हा भाऊबीज आली. गोजरा पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "पाटील, मला एकदा जाऊ द्या. हात लावून येते. तुमचा मान मोठा हाय, पण आमची घरं गवताची हायती."

पाटील म्हणाला, "आधी त्यांनी बोलवायला यावं."

कुणी बोलवायला आलं नाही. दुपार कलली तेव्हा तिने ताम्हनात निरांजन, सुपारी आणि कुंकू घेतलं आणि एकटीच नदीत उतरली. बायकांनी पाहिलं, पण कुणी अडवलं नाही. कित्येकींना वाटलं, आपणही जावं.

येसू कोठीच्या दारातच बसला होता. बहिणीला पाहून तो उठला आणि त्याचे डोळे भरून आले. दोन वर्षांनी भेट होत होती. "गोजरे, किती वाळलीस गं," तो म्हणाला. "चल, घरी चल. पाट मांडतो."

"आधी कोठी, दादा."

येसूचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. "न्हाई उघडता येत. पाटलाचा हुकूम हाय."

"मी परकी हाय का रं? अवघा जलम या दारातून आत जात आलेय."

येसूने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगतो. फळी एकच भरल्याली हाय. बाकीच्या रिकाम्या. राळ हाय कुठं आमच्याकडं?"

गोजराच्या जिवात जीव आला. ती हसलीच. "मग उघड की! रिकामं दाखवायला कसली लाज?"

"रिकामं दाखवायचीच तर लाज हाय," येसू म्हणाला. "आत काय न्हाई, हे तिकडं कळलं तर आम्हाला कोण भीक घालील?"

"दादा, माझ्या हाताला वास लागला न्हाई तर माझा शब्द तिथं कोण ऐकतंय? फक्त एक डाव. मी शिरते आणि येते."

येसूने नदीपलीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "तिकडं किती फळ्या हायती, गोजरे?"

तिने मान खाली घातली. खरं सांगितलं तर हे गाव घाबरेल, आणि खोटं ती कधी बोलली नव्हती. तिच्या गप्प राहण्यातूनच येसूला काय ते कळलं. त्याचा हात किल्लीवरून खाली आला, पण किल्ली सोडवण्यासाठी नाही.

"चल घरी," तो पुन्हा म्हणाला. "मला ओवाळ तरी."

तिला ओवाळायचं होतं हो. ताम्हन हातात होतं, भाऊ समोर होता. पण रीत मोडून ओवाळलं तर रीत कायमचीच मोडेल असं तिला वाटलं. आणि मनात रागही होता, तो का लपवू? ती म्हणाली, "दार उघडशील त्या दिवशी ओवाळीन." आणि वात न पेटवता ती परत फिरली. तो हाक मारत राहिला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

खालगावच्या चावडीपुढे सगळे जमले होते. गोजरा म्हणाली, "फळी एकच हाय. बाकीच्या रिकाम्या. दादानं सांगितलं."

"दादानं सांगितलं," पाटील म्हणाला. "तू हात लावलास का?"

तिने समोर पाहिलं. गर्दीत भिवा उभा होता. तो म्हणाला, "आये, सांग ना. लावलास का हात?"

तेव्हा ती हो म्हणाली असती तर? मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर वेळी इथे आलो की माझ्याच तोंडून हो निघू पाहतं. पण तिच्या आधीच्या सगळ्या लेकींनी खरंच सांगितलं होतं म्हणून तर त्या चावडीत लेकींच्या शब्दाला किंमत होती. आणि तिचे हात स्वच्छ होते. वास कुठून आणणार?

"न्हाई," गोजरा म्हणाली. "दार उघडलं न्हाई."

माणसं एकमेकांकडे पाहत उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून खालगावात नदीकाठी पहारा बसला.

मग उन्हाळा आला. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. पालापाचोळा आणि शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं. दोन्ही गावं दर उन्हाळ्यात राब भाजत. पूर्वी उन्हाळ्यात माहेरी आलेल्या लेकी जाताना सांगून जात, अमक्या दिवशी आमच्याकडे राब भाजणार, वाळवणं आत घ्या. त्या वर्षी सांगायला कुणी आलं नाही.

दिवस मावळत होता. वरगावच्या उतारावर एकामागून एक जाळ उठले आणि त्यांच्या उजेडात माणसं वाकताना, हात हलवताना दिसू लागली. पहाऱ्यावर भिवा होता. असे जाळ त्याने जन्मापासून पाहिले होते. पण त्या संध्याकाळी त्याला राब दिसला नाही, गाडगी पेटवणारी माणसं दिसली. त्याने ओरडून गाव गोळा केलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतः गाडगं फेकलं.

नेम त्याने कोठीवरच धरला होता. तो कधी चुकत नसे.

वरगावची घरं पेटली. कोठीचं दार पुरतं पेटायच्या आत वरगावने आपल्या एकुलत्या भरल्या फळीवरची गाडगी काढून परत फेकली. खालगाव आडवं करायला तेवढी पुरेशी नव्हती. पण त्यातलं एक खालगावच्या कोठीच्या दारात पडलं, आणि दारातून बाहेर येईपर्यंत गाडगी रचलेली होती. पुढचं मी लहानांसमोर सांगणार नाही. खालगाव शत्रूच्या गाडग्यांनी जळालं नाही, स्वतःच्याच गाडग्यांनी जळालं.

गोजरा नदीवर पाण्याला गेली होती म्हणून वाचली. भिवा काठावर होता म्हणून वाचला. त्याचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले.

सकाळी ती त्याला घेऊन नदी ओलांडून गेली. अडवायला आता कुणी नव्हतं. कोठीच्या भिंती दगडी, त्या उभ्या होत्या. दार जळून गेलं होतं. उंबऱ्यात येसू पडला होता आणि किल्ली त्याच्या कमरेलाच होती.

गोजरा त्याच्याशेजारी बसली नाही. ती आधी आत गेली. दार नसल्यामुळे आत पहिल्यांदाच उजेड होता, तरी तिने सवयीने हातानेच चाचपलं. पहिल्या फळीवर गाडग्यांचे तेलकट गोल डाग होते. दुसरी फळी कोरी. तिसरी कोरी. चौथीवर सुताराने रंधा मारल्याचा भुसा अजून तसाच होता, आणि तो तिच्या बोटांना लागला.

ती बाहेर आली. भिवा मामाच्या पायाशी उभा होता. दोन्ही गावांची उरलेली माणसं भोवती जमली होती. खालगावचा पाटीलही होता, आणि वरगावचाही. तिने हात पुढे केला आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "फळी एकच हाय."

भिवा खाली बसला. त्याला डोळे झाकायचे होते, पण भाजलेले हात वर उचलता येईनात. गोजराने आपल्या पदराने त्याचे डोळे झाकले.

पुढे उरलेल्या माणसांनी पुन्हा घरं बांधली. पुन्हा दोन कोठ्या, पुन्हा एकेक फळी. फरक एवढाच केला की कोठ्यांना दारं लावली नाहीत. रुसवा कितीही मोठा असला तरी लेकींचं माहेर बंद करायचं नाही, अशी दोन्ही पाटलांनी नदीत उभं राहून शपथ घेतली. फार चांगली शपथ होती. एका पाटाच्या वेळी घेतली असती तर आणखी चांगलं झालं असतं.

कार्तिकात भाऊबीज आली. गोजरा माहेरी गेली. उघड्या कोठीत शिरली, हात लावला, बाहेर आली. हाताला राळेचा वास होता. तिने ताम्हन घेतलं, वात पेटवली आणि उभी राहिली. आपल्याकडे ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, तुम्हाला ठाऊक आहेच. बीजेची बारीक कोर डोंगरावर आली तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर ताम्हनं घेऊन बायका उभ्या होत्या. इतक्या बायका याआधी कधी चंद्राला ओवाळताना कुणी पाहिल्या नव्हत्या.

गोजरा सगळ्यांच्या मागून घरी परतली. "दार उघडं हाय, दादा," एवढंच ती ओवाळताना म्हणाली होती.

तात्पर्य : शस्त्रांना मर्यादा घालावी आणि ती मर्यादा शेजाऱ्याला हात लावून पाहू द्यावी, कारण बंद दारामागची रिकामी फळीसुद्धा दोन गावं जाळायला पुरते.